साडेपाचचा पाला

माझ्या नावावर एक सिद्धान्त होता. होता म्हणते, कारण तो मीच मागे घेतला. तोही अशा आठवड्यात, की माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने मुकाट्याने आधी आपल्या भावाचा डोळा वाचवला असता आणि सिद्धान्ताचं पुढे बघू म्हटलं असतं. लोक अजून विचारतात, वाईट नाही वाटलं? वाटलं. पण किती आणि कशाचं, ते नीट सांगायचं तर दिगूपासून सुरुवात करावी लागेल.

दिगंबर कुडतरकर, माझा धाकटा भाऊ. एसटीचा ड्रायव्हर, आगार सावंतवाडी. २०४१ साल उजाडलं तरी आंबोलीच्या घाटात बस चालवायला माणूसच लागतो. सपाटीवरच्या बसगाड्या आता आपल्या आपण धावतात, पण घाटातलं धुकं आणि वळणावर बसून रवंथ करणारी गुरं यंत्राला अजून झेपत नाहीत. त्यामुळे घाटाच्या ड्रायव्हरांना सध्या भारी भाव आहे. दिगू तर असा चालतो, की जणू घाट त्यानेच सुरुंग लावून फोडला. नियम मात्र कडक: दोन्ही डोळे शाबूत हवेत. एक गेला, की स्टिअरिंग सुटलं.

ऑक्टोबरात तो आठ दिवसांची रजा टाकून भात कापायला गावी गेला होता. तिथून फोन आला.

"ताय, डोळ्यात भाताची काडी गेली. काय नाय गो, जरा चुरचुरता."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तिठ्यावरच्या दुकानातसून थेंब घेतलंय. आता बरा वाटता."

थेंब कसले, हे विचारायचं मला सुचलं नाही. डोळ्यातल्या बुरशीवरच्या औषधावर नऊ वर्षं घासलेली मी बाई, आणि सख्ख्या भावाला "बरं, काळजी घे" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मला भाषण लिहायचं होतं. माझ्या सिद्धान्तावरचं.

बारा दिवसांनी त्याची बायको वर्षा त्याला धरूनच इस्पितळात घेऊन आली. डावा डोळा लालबुंद, आणि बुबुळावर पांढुरका डाग. ताक सांडल्यासारखा.

"हे कुठले थेंब घातलेस?" डॉ. सलढाणांनी विचारलं. ते आमच्या भागातले डोळ्यांचे डॉक्टर आणि आमच्या औषधाच्या चाचणीतले माझे सहकारी. दिगूने खिशातून बाटली काढली. सलढाणांनी लेबल वाचलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्टेरॉइड. डोळ्याची लाली जाते, चुरचुर थांबते, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"बुरशी कडेला आहे. मध्यापासून दोन पूर्णांक एक मिलिमीटर. मध्य म्हणजे बाहुलीसमोरची जागा. तिथे पोचली, की नजर गेली. बुबुळावरचं पारदर्शक पटल बदलायचं म्हटलं तर ही जात नवीन पटलही खाऊन टाकते, गेल्या वर्षी चार वेळा बघितलं आपण. अर्धा मिलिमीटर उरला, की मी थांबणार नाही, शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढून टाकेन. मग निदान डोळ्याचा गोळा राहील. नजर नाही."

"नेहमीची औषधं?"

"हेमांगी, तूच विचारतेस?"

नेहमीची औषधं संपली होती. म्हणजे दुकानात होती, पण बुरशीला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. त्याच कुळातली रसायनं आपण वर्षानुवर्षं द्राक्षावर, आंब्यावर, भातावर फवारली. शेतातली बुरशी त्यांना सरावली, आणि तीच बुरशी काडीच्या टोकावर बसून माणसाच्या डोळ्यात गेली. गेल्या तीन हंगामांत आमच्या दोन तालुक्यांत दोनशेच्या वर माणसांनी एकेक डोळा गमावला होता. बहुतेक सगळी कापणीला उतरलेली, आणि त्यांत बाया जास्त.

या बुरशीवर चालणारं औषध एकच होतं, आणि ते माझं होतं.

ते काय होतं, ते थोडक्यात सांगते. चांदी बुरशीला मारते, हे जुनंच ज्ञान. पण चांदीचे कण अतिसूक्ष्म लागतात. केसाच्या जाडीत सात-आठ हजार कण ओळीने बसतील, एवढे. चांदीच्या क्षाराचं पाणी घ्यायचं, त्यात एखाद्या पाल्याचा काढा ओतायचा. पाल्यातली द्रव्यं क्षारातून चांदी सोडवतात, तिचे कण बनवतात आणि वर प्रत्येक कणाला स्वतःचं पातळ पांघरूण घालतात. सगळी करामत त्या पांघरुणाची. ते नीट बसलं, तर कण बुरशीच्या भिंतीला चिकटतो, तिला भोक पाडतो, आणि डोळ्याच्या पेशींना धक्का लावत नाही. नीट नाही बसलं, तर कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. मग ते औषध राहत नाही, नुसती राखाडी रंगाची गढुळी.

आमचा पाला होता टाकळ्याचा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो तो टाकळा, ज्याची भाजी आपण खातो आणि जो खरजेवर, नायट्यावर चोळतात. टाकळ्याची एक गंमत आहे. संध्याकाळ झाली, की तो पानं मिटून घेतो. सात वाजता बघाल तर सगळं झाड हात जोडून उभं. मी दुपारी तोडलेल्या पाल्याचे कण केले, ते मोठे आणि बेढब निघाले. रात्री आठला तोडलेल्या पाल्याचे केले, ते बारा नॅनोमीटरचे, एकसारखे, मोत्यांच्या सरासारखे. मी निष्कर्ष काढला: मिटलेल्या पानात रात्री जी द्रव्यं तयार होतात, तीच हे पांघरूण विणतात. झाला माझा 'निद्रिस्त पान सिद्धान्त'. त्यावर पुरस्कार मिळाला, टीव्हीवर मुलाखत झाली, आणि आंबेखोलच्या आमच्या संशोधन केंद्राच्या फाटकावर संचालकांनी मिटलेल्या पानाचं भलंमोठं चित्र काढून घेतलं. दिगू मला 'निजलेल्या पाल्याची डॉक्टरीण' म्हणायला लागला. पहिल्या चाचणीत अडतीस रुग्ण होते. चौतीस डोळे वाचले.

मग एका औषधकंपनीने काम हातात घेतलं. तिने टाकळ्याची शेती केली, पाला तोडायला चाकांवरचं यंत्र आणलं. आमच्या केंद्रातही तसंच एक आलं, ते आडवंतिडवं चालतं म्हणून सगळे त्याला खेकडा म्हणतात. खेकडा रोज बरोबर आठच्या ठोक्याला पाला तोडायचा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आणि मे महिन्यापासून एकही घाणा साधला नव्हता. सगळी राखाडी गढुळी. मी माती तपासली, पाणी बदललं, खेकड्याची पाती बदलली, कंपनीच्या माणसांवर ओरडले, त्यांनी सभ्य भाषेत माझ्यावर ओरडून घेतलं. जुन्या, साधलेल्या घाण्यांचा शेवटचा थेंब जुलैतच संपला होता. त्या सोमवारी चाचणीवर देखरेख करणारी समिती बसणार होती, आणि ती चाचणी बंद करणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दिगूला आम्ही कंपनीच्या घाण्यातले थेंब घातले. दुसरं होतंच काय? गुरुवारी दोन पूर्णांक एक होतं, ते शनिवारी एक पूर्णांक सात झालं.

"ताय," उजव्या डोळ्याने छताकडे बघत दिगू म्हणाला, "तुझो पालो खरोखरच निजलो हा गो."

मी हसले, आणि जिन्यात जाऊन रडले.

रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेत एकटीच बसले होते. समोर सहा महिन्यांच्या नोंदी, डोकं सुन्न. दार वाजलं आणि शेवंतीकाकी आत आली. शेवंती धुरी. आमच्या केंद्रात पंधरा वर्षं पाला, मुळ्या, साली गोळा करून आणायचं काम तिचं. टाकळ्याची सगळी तोड चार वर्षं तिनेच केली होती. मे महिन्यात साठ पूर्ण झाली म्हणून निवृत्त झाली, आणि तिच्या जागी खेकडा आला. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. मी डॉक्टरेट मिळवली, तरी मला हात धुतल्याशिवाय पाल्याला शिवू द्यायची नाही.

ती खुर्चीवर बसली नाही. उभीच राहिली.

"दिगूचा कानार इला," ती म्हणाली. "डोळो जातलो म्हणतत. खरा?"

"हो काकी."

"डॉक्टरबाय, माझ्या हातान एक पाप झाला हा. मी आठ वाजता पालो कधीच काढूक नाय. एक दिवस पण नाय."

मला काही कळेना. "पण वहीत रोज तुमची सही आहे. वेळ आठ."

"आठ तुमी छापलेला. मी नुसती सही करी." तिने पदराने तोंड पुसलं. "तिनसांज झाली काय झाडाक हात लावचो नसता, बाय. निजलेल्या झाडाक कोण दुखवता? दुसरी झाडा निजतत ती दिसत तरी नाय. टाकळो तर डोळ्यांदेखत पाना मिटता! माझ्या आयेन शिकवल्यान ता मी तुमच्या कागदासाठी मोडू?"

"मग पाला कधी काढत होतात?"

"साडेपाचाक. दिवस आसताना. वल्या फडक्यात गाठोडा बांधी, घराक नेय, चुलीच्या बाजूक ठेवी. दिवो लावी, पेज शिजवी, आणि आठाक गाठोडा घेऊन तुमच्याकडे येय. पाना तेव्हा मिटलेलीच आसत. तुमी बघून खूश."

मी खूश. अगदी बरोबर बोलली. चार वर्षांत मी एकदाही रात्री आठ वाजता त्या पडीक जमिनीत गेले नव्हते. तिथे पावसाळ्यात फुरशी असतात, आणि मी सापाला घाबरते. ज्या सिद्धान्तावर मी देशभर भाषणं देत फिरले, त्याचा पहिला पुरावा मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी बघितलाच नव्हता.

"आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"सांगूक इल्लंय मी! तुमी टीव्हीर इलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी सगळ्यांका पेढे वाटत होतात. माकाय दिलात. मगे काय सांगतलंय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माका काय म्हायत, त्या अडीच तासांत काय आसता ता."

त्या अडीच तासांतच सगळं होतं. ती बोलत होती आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट जागेवर बसत होती. पान दिवसभर उन्हात साखर बनवतं, आणि रात्र झाली की ती मुळांकडे पाठवायला लागतं. आठला झाडावरून तोडलं, तर अर्धी पेटी रिकामी झालेली. पण साडेपाचला तोडलेलं पान पाठवणार कुणाला? सगळी साखर त्याच्यातच अडकते. शिवाय ते लगेच मरत नाही. ओल्या फडक्यात, चुलीच्या उबेत ते अडीच तास जिवंत असतं, तुटलेलं असतं, आणि वाचण्यासाठी भराभर संरक्षक द्रव्यं तयार करत असतं. चहाची पानं तोडल्यावर मऊ पडायला ठेवतात, तेव्हाही असंच काहीतरी होतं. पान मिटलं होतं, हे खरं. पण झोपेचा आणि औषधाचा काडीचा संबंध नव्हता. दुपारच्या पाल्याचा मी लगेच काढा केला होता, आणि रात्रीचा म्हणून जो केला, तो अडीच तास मुरलेला होता. तुलनाच चुकीची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली, तर मी त्याला वर्गाबाहेर काढते.

"काकी, आज साडेपाचला पाला काढाल?"

"त्यासाठीच इलंय," ती म्हणाली. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आणि वहीत मी आठच लिवतंय. कोणाक कळाचा नाय. तुमचा नाव रवात, दिगूचो डोळोय रवात."

हे ती अगदी मनापासून बोलली. आणि खरं सांगते, मलाही तो मार्ग अगदी सरळ दिसला. आज पाला, उद्या थेंब, बाटलीवर तोच जुना घाणा क्रमांक, परवापासून दिगूच्या डोळ्यात. सिद्धान्त शाबूत, भाऊ शाबूत. उलट मी समितीला खरं कळवलं असतं, तर पहिला प्रश्न येणार होता, चार वर्षं खोट्या नोंदी होत्या का? आणि उत्तर 'हो' असलं, की चाचणी तिथल्या तिथे थांबणार, चौकशी लागणार, एक थेंबही कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. दिगूच्याही नाही. त्याच्याकडे जेमतेम तीन दिवस होते.

त्या संध्याकाळी काकीने पाला काढला, गाठोडं घरी नेलं, आठला आणून दिलं. मी काढा करून चांदीच्या पाण्यात ओतला. सोमवारी सकाळी चंचुपात्रात मधासारखा पिवळा, नितळ रंग. सहा महिन्यांनी दिसला होता तो. मी ते पात्र उजेडासमोर धरून उभीच राहिले.

समिती दुपारी तीनला बसणार होती. अकराला मी इस्पितळात गेले. सलढाणांचं सकाळचं माप: एक पूर्णांक दोन.

वर्षाला चहाला पाठवलं आणि दिगूला सगळं सांगितलं. काहीही न लपवता.

तो आधी तडकलाच. "म्हणजे औषध तयार असा, आणि तू माका विचारतंस घालू काय नको? डोळो माझो असा, ताय. तुझो पेपर न्हय!"

"म्हणूनच विचारतेय. गुपचूप घातलं, तर तुझा डोळा वाचेल बहुतेक. पण कंपनी आठचाच पाला तोडत राहील. चाचणी आज ना उद्या बंद होईल. कापणी अजून महिनाभर आहे."

"आणि सांगितलंस तर?"

"दोन दिवस तरी जातील. जास्तही जातील. आणि कदाचित परवानगी मिळणारही नाही."

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचाही डोळा बांधलेला. तीही कापणीतलीच. दिगूने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"गाडीचे ब्रेक नरम लागले, तर मी काय करतंय म्हायत असा?" तो म्हणाला. "माझी फेरी नीट झाली तरी आगारात इल्यार वहीत लिवतंय. कोण विचारणा नाय, पण लिवतंय. कित्या? उद्या तीच गाडी दुसरो कोणतरी घाटात घालतलो. त्येका काय म्हायत ब्रेक नरम आसत ते?"

मी घड्याळात बघितलं. तीनला अजून साडेतीन तास होते.

"सांग त्यांका," तो म्हणाला. "पण दोन म्हणजे दोनच दिवसांत कर. आणि हय रडा नको, माका डोळ्यात पाणी येता आणि सलढाणा आरडता."

समितीच्या अध्यक्ष डॉ. मुकादम. त्या पडद्यावरून बैठक घेतात. मोजकं बोलतात आणि ऐकताना डोळे मिटून घेतात. मी सगळं सांगितलं. नोंदी चुकीच्या आहेत. सिद्धान्त चुकीचा आहे. पाला साडेपाचचा होता. ज्या बाईने तोडला, ती सांगू बघत होती, मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. शेवटी दिगूचंही सांगितलं, कारण लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे अडतीस रुग्णांना तुम्ही नक्की काय दिलंत, हेच तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं. आज आहे. त्या चौतीस डोळ्यांना वाचवलं ते गाठोड्यातल्या पाल्याने. औषध तेच आहे. चूक औषधात नाही, माझ्या कागदात आहे."

डॉ. मुकादमांनी डोळे उघडले. "सिद्ध करा. उद्या आमचा माणूस येईल. त्याच्यासमोर दोन्ही पाले तोडा, सहा पात्रं लावा, तीन अशी, तीन तशी. क्रमांक तो घालेल, कुठलं काय ते तुम्हाला कळणार नाही. बुरशीवर चाचणी बुधवारी सकाळी. निकाल बघून मी तासाभरात उत्तर देईन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "डॉ. कुडतरकर, हे तुम्ही आज सांगितलं नसतं, तर तीन वाजून दहा मिनिटांनी मी चाचणी बंद केली असती."

मंगळवारी साडेपाचला समितीचा माणूस कॅमेरा घेऊन पडीक जमिनीत उभा होता, आणि शेवंतीकाकी त्याला चपला काढायला लावत होती. तिने आपला पाला तोडला. आठचा पाला तोडायची वेळ आली, तेव्हा तिने साफ नकार दिला. "ता पाप तुमच्या खेकड्याक करूक सांगा," म्हणाली. समितीच्या माणसाने हेही नोंदवून घेतलं.

त्या दिवशीचं संध्याकाळचं माप शून्य पूर्णांक नऊ होतं.

बुधवारी सकाळी, रात्रभर पात्रं ठेवलेलं सीलबंद कपाट उघडलं. सहा पात्रं. तीन राखाडी, तीन मधाच्या रंगाची. क्रमांक बघायची कुणालाच गरज नव्हती, तरी आम्ही नियमाप्रमाणे सगळं केलं. थेंब चाचणीपट्टीवर घातले, दिगूच्याच डोळ्यातून घेतलेली बुरशी त्यावर सोडली. चार तासांत यंत्र उत्तर देतं. त्या चार तासांत मी सात कप चहा प्यायले. राखाडीच्या तीन खणांत बुरशी कापसासारखी फुगली. पिवळ्या तीन खणांत काही नाही. अगदी काही नाही. समितीच्या माणसाने पाकीट फोडून क्रमांक वाचले, आणि तो गंभीर मनुष्य अचानक "जमलं की हो!" म्हणून ओरडला.

डॉ. मुकादमांनी तासाभरात उत्तर देईन म्हटलं होतं. अकरा मिनिटांत आलं. दोन ओळी: सुधारित कृतीने चाचणी पुढे चालू ठेवावी. दाखल असलेल्या सर्व रुग्णांना आजपासून थेंब द्यावेत.

सर्व रुग्णांना. वॉर्डात नऊ जण होते. सलढाणांनी पहिला थेंब दिगूच्या शेजारच्या बाईला घातला, कारण तिचं माप शून्य पूर्णांक सहा होतं. दुसरा दिगूला. दर तासाला एक.

गुरुवारी त्याचं माप शून्य पूर्णांक आठ. शुक्रवारीही आठ. मी सलढाणांना तीनदा मोजायला लावलं. बुरशी थांबली होती. शनिवारी डागाची कड विरघळल्यासारखी दिसायला लागली, आणि सोमवारी ते खोलीबाहेर आले ते हात वर करूनच. "एक पूर्णांक एक! मागे हटतेय, हेमांगी, मागे हटतेय!" आम्ही दोघं पन्नाशीला टेकलेली माणसं इस्पितळाच्या व्हरांड्यात उड्या मारत होतो, आणि एक परिचारिका बोट ओठांवर ठेवून आम्हाला गप्प करत होती.

नऊच्या नऊ डोळे वाचले.

त्या महिन्यात माझा शोधनिबंध मी मागे घेतला. पुरस्कारही परत केला. फाटकावरचं मिटलेलं पान चुना लावून पुसलं, तेव्हा मला थोडं चुकचुकल्यासारखं झालं, नाही कशाला म्हणू? नवीन निबंधात पहिलं नाव शेवंती धुरी यांचं आहे. कंपनीचे दोन इंजिनिअर तिच्या स्वयंपाकघरात तीन दिवस तापमापक लावून बसले. चुलीपाशी गाठोड्यात चौतीस अंश भरले. तिने त्यांना तिन्ही दिवस पेज वाढली, आणि तापमापक पेजेत घालायला बंदी केली. आता कंपनीत पाला साडेपाचला तुटतो आणि अडीच तास उबदार, दमट खोलीत मुरतो. पण यंत्रापेक्षा हाताने पान कमी चिरडतं, म्हणून तोडायला बायाच लागतात. आमच्या तालुक्यातल्या बावीस गावांत रोज संध्याकाळी बाया टाकळ्याच्या शेतात उतरतात आणि तिनसांजेच्या आत बाहेर येतात. त्यांतल्या सहा जणी वाचलेल्या डोळ्यांच्या आहेत. नोव्हेंबर संपेपर्यंत राज्यभरात चारशे बारा जणांना थेंब मिळाले, आणि तीनशे एक्क्याण्णव जणांची नजर राहिली. उरलेले एकवीस फार उशिरा आले. त्यांचं दुःख मला आहे, आणि मे महिन्यापासून घाणे साधले असते तर त्यांतल्या कित्येकांना वेळेत थेंब मिळाले असते, हेही मला माहीत आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

जानेवारीत दिगूची ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी झाली. डोळ्याच्या कडेला एक बारीकसा पांढरा ठिपका राहिला होता. सलढाणा म्हणाले होते, चिंता नको. पण शिक्का मारणारे डॉक्टर वेगळे. मला आत यायची परवानगी नव्हती, तरी मी दारात उभी राहिले, आणि कुणी हटकलं नाही.

"उजवा डोळा झाका," डॉक्टर म्हणाले. "वाचा."

दिगूने उजवा डोळा तळहाताने झाकला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पहिलं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरी. आवाज घाटात मागच्या सीटवरच्याला हाक मारावी तसा चढलेला. चौथी, पाचवी. घाटाच्या गाडीला सहावी ओळ लागते, हे मला पाठ होतं.

सहावी त्याने न अडखळता वाचली.

"ठीक," म्हणून डॉक्टरांनी शिक्का उचलला. दिगू सातवी वाचायला लागला. ती वाचून आठवीवर गेला. आठवी अगदी मुंगीएवढी. तो पुढे झुकला, थांबला, एकेक अक्षर उचलत वाचत गेला. एक चुकलं, तर पुन्हा मागे जाऊन दुरुस्त केलं.

"अहो, पुरे," डॉक्टर म्हणाले. "ती ओळ लागत नाही तुम्हाला."

दिगूने हात काढला नाही. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं आणि तो तक्त्याकडेच बघत होता.

"लागना नाय, म्हायत असा," तो म्हणाला. "पण दिसता हा, डॉक्टर. दिसता हा तर वाचू नको?"